कुडाच्या भिंतीवर सेकंदाच्या हजाराव्या भागाचा उजेड

डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्यातले दोन तालुके (२०१४ पूर्वी ते ठाणे जिल्ह्यात होते) वारली चित्रांसाठी सर्वांना ठाऊक आहेत. साड्यांवर, कपबशांवर आणि शाळेच्या कुंपणभिंतींवर ही चित्रे आपण रोज पाहतो. पण त्यांची मूळ जागा घराच्या आत आहे. कारवीच्या किंवा बांबूच्या काड्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, त्यावर गेरूचा हात, आणि मग बांबूच्या काडीचे टोक चावून केलेल्या कुंचल्याने तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. लग्नाच्या वेळी सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात. त्या चौकात पालघट देवी असते. धवलेरी गाणी म्हणते आणि लग्न लागते. पुढे पावसाळ्यातली ओल, चुलीचा धूर आणि नवे सारवण यांत ते चित्र विरून जाते. जपून ठेवण्यासाठी ते काढलेलेच नसते.

१९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी या चित्रांना कागद आणि रंग मिळवून दिले. गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांची चित्रे जगभर गेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. कागदावरचे चित्र टिकते, पण भिंतीवरचे टिकत नाही. त्याची नोंद ठेवायची तर छायाचित्र हाच सोपा मार्ग आहे. आणि इथेच भौतिकशास्त्राचा एक प्रश्न उभा राहतो. ज्या खोलीत खिडकी नाही, दार बुटके आहे आणि छप्पर धुराने काळे झालेले आहे, त्या खोलीतल्या भिंतीवर उजेड कुठून आणायचा?

किती अंधार, किती उजेड?

दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे १ लाख लक्स इतका प्रकाश पडतो. अशा घराच्या आतल्या कोपऱ्यात तो १० लक्सच्या आसपास असू शकतो. म्हणजे फरक दहा हजार पटींचा. आपले डोळे थोड्या वेळात अंधाराला सरावतात, त्यामुळे हा फरक आपल्याला एवढा मोठा वाटत नाही. कॅमेरा मात्र फोटॉन मोजतो. आयएसओ १०० ही संवेदनशीलता आणि भिंगाचे छिद्र एफ ८ ठेवले, तर उन्हात सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो. १० लक्समध्ये त्याच छायाचित्राला सुमारे १६ सेकंद लागतील.

भिंत हलत नाही, मग तिपाई लावून १६ सेकंद थांबायला काय हरकत आहे? कधीकधी तेच करावे. पण दारातून येणारा उजेड भिंतीच्या एका टोकाला भरपूर आणि दुसऱ्या टोकाला नाममात्र पडतो. चूल पेटलेली असेल तर तिचा पिवळा-तांबडा प्रकाश दाराच्या निळसर प्रकाशात मिसळतो आणि गेरूचा खरा रंग कोणता हे ठरवता येत नाही. शिवाय चित्र लिहिणारा हात टिपायचा असेल, तर तो हात १६ सेकंद स्थिर राहणार नाही. अशा वेळी आपला उजेड आपणच सोबत न्यावा लागतो. पाड्यावर वीज असली तरी हव्या त्या भिंतीपाशी, हव्या त्या वेळी ती मिळेलच असे नाही. म्हणून हा उजेड बॅटरीवर चालणारा हवा.

थेंबे थेंबे भरायचे, एकदम ओतायचे

बॅटरीवर चालणारा फ्लॅश म्हणजे ऊर्जा साठवून ती एकदम सोडण्याचे यंत्र. बॅटरीत ऊर्जा भरपूर असते, पण ती सावकाश देते, कारण तिला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. झऱ्याच्या बारीक धारेखाली हंडा ठेवावा, तो भरू द्यावा आणि मग एकदम उपडा करावा, तसे येथे केले जाते. हंड्याचे काम धारित्र करते.

समजा, धारित्राची धारिता १००० मायक्रोफॅरड आहे आणि ते ३३० व्होल्टपर्यंत भरले आहे. त्यात साठलेली ऊर्जा अशी काढतात :

ऊर्जा = १/२ × धारिता × (विद्युतदाब)²
= १/२ × ०.००१ × ३३० × ३३०
= सुमारे ५४ जूल

५४ जूल ही काही मोठी ऊर्जा नव्हे. एक किलो वजनाची पिशवी साडेपाच मीटर उंच नेली की तेवढी ऊर्जा खर्च होते. १० वॉटचा एलईडी दिवा तेवढी ऊर्जा साडेपाच सेकंदांत वापरतो. पण फ्लॅशमध्ये ती सुमारे एक हजारांश सेकंदात बाहेर पडते. म्हणजे त्या क्षणापुरती शक्ती ५४,००० वॉट, अर्थात ५४ किलोवॉट होते. गावाच्या वेशीवर खांबांवर बसवलेले ६३ केव्हीएचे रोहित्र आपण पाहतो. हातात मावणारा फ्लॅश तेवढ्या क्षणापुरता त्या रोहित्राच्या पंक्तीला जाऊन बसतो. ऊर्जा आणि शक्ती यांतला फरक वर्गात सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे अवघड आहे.

चार छोट्या सेलचा विद्युतदाब सुमारे ४.८ व्होल्ट असतो. तो ३३० व्होल्टपर्यंत न्यायचा कसा? रोहित्र एकदिश प्रवाहावर चालत नाही. म्हणून आधी एक ट्रान्झिस्टर तो प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, रोहित्र विद्युतदाब वाढवते, डायोड तो पुन्हा एकदिश करतो आणि धारित्र भरत जाते. जुने फ्लॅश भरताना जी बारीक, चढत जाणारी शिट्टी ऐकू येते, ती याच चालू-बंद होण्याची असते.

बटण दाबले की काचेच्या नळीभोवतीच्या तारेला काही हजार व्होल्टचा झटका मिळतो. नळीत झेनॉन वायू असतो. एरवी तो वीज वाहून नेत नाही. या झटक्याने त्याचे आयनीभवन होते, त्याचा रोध एकदम कोसळतो आणि धारित्रातला सारा प्रभार नळीतून धावतो. तापलेल्या झेनॉनचा प्रकाश दिवसाच्या उजेडाशी मिळताजुळता असतो, त्याचे रंगतापमान सुमारे ५५०० केल्व्हिन भरते. गेरू गेरूसारखा दिसण्यासाठी हे सोयीचे ठरते. मोबाइलमधला ‘फ्लॅश’ मात्र वेगळा. तो लहानसा एलईडी असतो, त्याची शक्ती काही वॉट इतकीच. मिठी मारण्याच्या अंतरावरच्या चेहऱ्याला तो पुरतो, तीन मीटर रुंदीच्या चौकाला पुरत नाही.

या कल्पनेचा इतिहासही जुना आहे. १८५१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फॉक्स टॅलबट यांनी वेगाने फिरणाऱ्या चकतीवर वर्तमानपत्राचे पान चिकटवून त्याचे छायाचित्र टिपले. उजेड होता लायडन बरण्यांतून सोडलेल्या ठिणगीचा, आणि लायडन बरणी म्हणजे धारित्रच. पुढे मॅग्नेशियमची पूड पेटवून उजेड करण्याची पद्धत आली. भपकन ज्वाळ, मागून पांढरा धूर. गवताने शाकारलेल्या घरात तिची कल्पनाही नको. १९३० च्या दशकात अमेरिकेतील एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांनी वायूच्या नळीचा विजेवर चालणारा फ्लॅश विकसित केला. आजचे सारे फ्लॅश त्याच घराण्यातले आहेत.

एका बॅटरीत किती छायाचित्रे?

पाड्यावर जाण्यापूर्वी हा हिशोब करायलाच हवा. १.२ व्होल्ट आणि २ अँपिअर-तास क्षमतेच्या एका सेलमध्ये १.२ × २ × ३६०० = ८६४० जूल असतात. चार सेलमध्ये ३४,५६०. त्याला ५४ ने भागले तर उत्तर ६४० येते. प्रत्यक्षात मिळतात याच्या निम्म्याहूनही कमी, कारण विद्युतदाब वाढवणाऱ्या मंडलात बरीच ऊर्जा उष्णता होऊन जाते आणि सेल पूर्ण रिकामा होण्याआधीच त्याचा दाब घसरतो.

वेगळ्या बॅटरीचे मोठे फ्लॅश पूर्वी शिसे-आम्लाच्या घटांवर चालत. खांद्याला जड पेटी, तिच्यापासून दिव्यापर्यंत केबल. आता लिथियम-आयन बॅटरी वापरतात. बाजारातल्या २०० जूलच्या एका दिव्याची बॅटरी १४.४ व्होल्ट आणि २.९ अँपिअर-तास क्षमतेची आहे. म्हणजे सुमारे दीड लाख जूल. भागाकार ७५० येतो आणि उत्पादक ५०० झगमगाटांची हमी देतो. एक तृतीयांश ऊर्जा वाटेत जाते, हे त्या आकड्यावरूनच कळते.

बॅटरी वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय कॅमेऱ्यातच आहे. आयएसओ १०० ऐवजी ४०० ठेवले, तर चौपट कमी प्रकाश पुरतो. मग फ्लॅश एक चतुर्थांश शक्तीवर चालवता येतो, म्हणजे त्याच बॅटरीत जवळजवळ चौपट छायाचित्रे निघतात. धारित्रही लवकर भरते आणि नळी तापत नाही.

अंतराचा वर्ग

दिव्यापासून दुप्पट दूर गेलो की तेवढाच प्रकाश चौपट क्षेत्रावर पसरतो. हा व्यस्त वर्गाचा नियम आपण शिकवतो. फ्लॅशवर लिहिलेला ‘गाइड नंबर’ हा त्याच नियमाचा व्यवहारातला अवतार आहे. गाइड नंबर भागिले मीटरमधील अंतर म्हणजे छिद्राचा एफ आकडा. आयएसओ १०० ला गाइड नंबर २८ असेल, तर २ मीटरवर एफ १४ आणि ४ मीटरवर एफ ७. एफ आकडा निम्मा केला की छिद्राचे क्षेत्रफळ चौपट होते, म्हणून दुप्पट अंतराची भरपाई बरोबर होते.

हा नियम भिंतीवर एक अडचणही उभी करतो. फ्लॅश डाव्या बाजूला ठेवला, भिंतीची डावी कड त्यापासून २ मीटरवर आणि उजवी कड ४ मीटरवर असली, तर उजवीकडे प्रकाश चौथाईच पडेल. चौकाची एक बाजू पांढरीफटक दिसेल आणि दुसरी काळवंडेल. उपाय म्हणजे दुसरा तसाच फ्लॅश उजवीकडे ठेवणे. आता कोनाचा परिणाम क्षणभर बाजूला ठेवून हिशोब करू. प्रत्येक कडेला जवळच्या दिव्याचा १ आणि दूरच्या दिव्याचा १/४, मिळून १.२५. मध्यभागी दोन्ही दिवे सुमारे ३ मीटरवर, म्हणून प्रत्येकाचे ४/९, मिळून ०.८९. फरक चौपटीवरून दीडपटीच्याही खाली आला. प्रत्येक दिव्याचे तोंड समोरच्या, म्हणजे दूरच्या कडेकडे वळवले, तर तो आणखी कमी होतो.

शहरातला छायाचित्रकार फ्लॅश वर करून पांढऱ्या छतावरून प्रकाश उसळवतो आणि मऊ उजेड मिळवतो. येथे छत धुराने काळे झालेले, ते प्रकाश गिळून टाकते. म्हणून सोबत पांढरे धोतर किंवा चादर न्यावी. तिच्यातून किंवा तिच्यावरून आलेला प्रकाश मोठ्या पृष्ठभागावरून येतो आणि सावल्यांच्या कडा पुसट होतात. मात्र त्यात बराच प्रकाश वाया जातो. तो छिद्र उघडून किंवा शक्ती वाढवून भरून काढावा.

उजेडाची दिशा काय सांगते?

कॅमेऱ्यावरच बसवलेला फ्लॅश समोरून प्रकाश टाकतो. सावल्या वस्तूच्या मागे लपतात आणि भिंत सपाट कागदासारखी दिसते. चित्रावर काच असेल किंवा रंग चकाकणारा असेल, तर आपाती कोन आणि परावर्तन कोन सारखे असल्यामुळे तो प्रकाश सरळ भिंगात परत येतो आणि मध्यभागी पांढरा डाग पडतो. दोन्ही दिवे भिंतीशी ४५ अंशांच्या कोनात ठेवले, तर ते परावर्तन बाजूला निघून जाते. चित्राच्या रेषांची नोंद घ्यायला ही रचना योग्य.

पण भिंत म्हणजे केवळ चित्र नव्हे. सारवणाऱ्या हाताच्या बोटांचे वळ, कुडाच्या काड्यांचे उंचवटे, पिठाच्या रेघेची किंचित जाडी हेही त्या बाईच्या कामाचा भाग आहे. ते पाहायचे तर एकच दिवा भिंतीला जवळजवळ चिकटून, १० ते १५ अंशांच्या कोनात ठेवावा. प्रत्येक उंचवट्याची सावली लांब होते, जशी संध्याकाळी शेताच्या ढेकळांची होते. म्हणून एका भिंतीची किमान दोन छायाचित्रे घ्यावीत : एक रेषांसाठी, एक पोतासाठी. एकात दिसते ते दुसऱ्यात दिसत नाही.

दोन उजेड, दोन चाव्या

दारातून येणारा उजेड सतत असतो, फ्लॅशचा क्षणिक. शटर १/१२५ सेकंद उघडे ठेवले काय किंवा १/३० सेकंद, फ्लॅश हजारांश सेकंदात संपून गेलेला असतो, त्याच्या वाट्यात फरक पडत नाही. दाराचा उजेड मात्र सुमारे चौपट होतो. म्हणजे शटर ही दाराच्या उजेडाची चावी आणि फ्लॅशची शक्ती ही फ्लॅशच्या उजेडाची. छिद्र दोघांनाही सारखेच लागू. हे एकदा उमगले की दारात बसलेली आजी आणि आतली भिंत दोन्ही एकाच छायाचित्रात नीट आणता येतात.

एक मर्यादा ध्यानात ठेवावी. बहुतेक कॅमेऱ्यांत शटरचे दोन पडदे असतात. पहिला उघडत जातो, दुसरा मागून झाकत येतो. वेग सुमारे १/२०० सेकंदापेक्षा जास्त केला, तर पहिला पूर्ण उघडण्याआधीच दुसरा निघतो आणि फ्लॅशच्या क्षणी फक्त एक फट उघडी असते. छायाचित्रात काळा पट्टा येतो तो यामुळे.

स्वयंचलित मापनावरही डोळे झाकून विसंबू नये. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे, असे मापक गृहीत धरतो. गेरूची काळपट तांबडी भिंत त्याला ‘कमी उजेडाची’ वाटते. तो प्रकाश वाढवतो, भिंत फिकट होते आणि पिठाच्या बारीक रेघा फुटून पसरतात. भिंतीपाशी एक करडा पुठ्ठा धरून त्यावर मापन करावे आणि तेच आकडे कायम ठेवावेत. पहिल्या छायाचित्रात पुठ्ठा आणि एक मोजपट्टी राहू द्यावी, म्हणजे रंग आणि आकार दोन्ही पुढे तपासता येतात.

चित्राला इजा होते का?

वरच्या मर्यादेने हिशोब करू. ५४ जूल सगळेच प्रकाश झाले आणि ६ चौरस मीटर भिंतीवर पडले असे मानले, तरी दर चौरस मीटरला ९ जूल होतात. भर दुपारचे ऊन दर सेकंदाला सुमारे १००० जूल टाकते. म्हणजे एक झगमगाट सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी उन्हाएवढा. गेरू म्हणजे लोहाचे ऑक्साइड, ते उन्हापावसात टिकणारे खनिज. या चित्राचे शत्रू पाणी, धूर आणि नवा लेप हे आहेत, फ्लॅश नव्हे.

माणसांचे तसे नाही. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात आणि अचानक पडलेला झोत त्यांना त्रास देतो. घरात तान्हे मूल असेल, गोठ्यात गाय-बैल असतील, तर आधी सांगावे, दिव्याचे तोंड फिरवावे. आणि त्याहीआधी विचारावे. लग्नाचा चौक हा पूजेचा भाग आहे. त्याचे छायाचित्र कधी घ्यायचे, घ्यायचे की नाही, हे त्या घराने ठरवायचे. घेतलेल्या छायाचित्राची प्रत त्या घरात पोहोचली पाहिजे आणि नोंदीत लिहिणाऱ्या बाईचे नाव, तिची हरकत नसेल तर, आले पाहिजे. वारली चित्रांखाली ‘लोककला’ एवढाच शब्द छापून नावे गाळण्याची सवय जुनी आहे. ती मोडायला पेन्सिल आणि वही पुरते.

वर्गात करून पाहा

फ्लॅश कधीही उघडू नये, मोडका असला तरीही. धारित्रातला ३०० व्होल्टचा प्रभार बंद केल्यानंतरही बराच काळ राहतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. तत्त्व समजण्यासाठी ९ व्होल्टची बॅटरी पुरेशी आहे.

१. १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचे धारित्र १० किलोओहमच्या रोधातून ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडा. धन-ऋण टोके नीट पाहा. अर्ध्या मिनिटाहून थोडे अधिक थांबा. मग बॅटरी काढून धारित्राला ३३० ओहमचा रोध आणि एलईडी एकसरीत जोडा. भरायला अर्धे मिनिट लागले, एलईडी मात्र एकदा चमकून लगेच मावळतो.

२. पुठ्ठ्यात २ सेंटीमीटरची चौकोनी खिडकी कापून ती मोबाइलच्या दिव्यापासून १० सेंटीमीटरवर धरा. दिव्यापासून २० आणि मग ३० सेंटीमीटरवर आलेखाचा कागद धरून उजळलेले चौरस मोजा. ते खिडकीच्या क्षेत्रफळाच्या चौपट आणि नऊपट भरतील.

३. पाटीवर ओल्या मातीचा लेप देऊन बोटे फिरवा, वाळू द्या. खोली अंधारी करून विजेरी आधी समोरून आणि मग कडेने धरा. दोन्ही वेळा जे दिसले ते लिहून काढा.

डहाणू-तलासरीतल्या शाळांना चौथा प्रयोगही करता येईल. तिथल्या अनेक मुलांच्या घरी भिंती आहेत आणि त्या लिहिणाऱ्या आया-आज्या आहेत. परवानगी घेऊन, अंतर, कोन, फ्लॅशची शक्ती, तारीख आणि नाव यांची नोंद ठेवून वर्षाला दहा भिंती टिपल्या, तरी दहा वर्षांत शंभर होतील. पुढच्या पावसाळ्यानंतर त्यांतली बहुतेक सारवली जातील. नव्या लग्नात त्या जागी नवा चौक येईल आणि तो आधीच्यापेक्षा कुठे वेगळा आहे, हे त्या शाळेच्या दप्तरात पाहायला मिळेल.